झालं म्हटल्यावर

साखरबाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तिचं खरं नाव मला माहीत आहे, छातीवर बिल्ला असतो, त्यावर ठळक लिहिलेलं आहे. पण मी तिच्या माघारी तिला साखरबाईच म्हणते, कारण ती तोंड उघडते आणि साखर सांडते. "ताई, आपण हळूहळू जाऊ हं." "ताई, आजच्यापुरतं एवढं पुष्कळ आहे हं." मी तिच्याहून चांगली आठ-दहा वर्षांनी लहान असेन, तरी ताई! माणसानं इतकं गोड बोलू नये. समोरच्याला वाटतं, हिला काहीतरी विकायचंय.

मी वीज कंपनीच्या तक्रार विभागात बसते. दिवसभर कानाला हेडफोन लावायचा आणि लोकांच्या शिव्या खायच्या. त्यातून एक गोष्ट मी पक्की शिकलेय, की जो ओरडतो त्याची वीज आधी येते. जो "काही घाई नाही हो" म्हणतो तो रात्रभर अंधारात बसतो. तेव्हा हळू बोला, शांत राहा, असलं काही मला कोणी शिकवायला आलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ठकू माझी लेक, नऊ वर्षांची. तिला ऑटिझम आहे. बोलते, पण मोजकं. पाणी, नको, बाहेर, झाकण. बाटल्यांची झाकणं म्हणजे तिचा जीव की प्राण. सकाळी उठली की दात घासायच्या आधी खिडकीच्या कठड्यावर सगळी झाकणं ओळीनं मांडते, आणि त्यात कोणी ढवळाढवळ केली तर घर डोक्यावर घेते. पण "दुखतंय" हा शब्द तिच्याकडे नाही. मी किती शिकवला! गुडघा फुटला की म्हणायचे, बोल ठकू, दुखतंय. ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, "पाणी."

एकदा ताप उतरेना म्हणून रक्त तपासायला नेलं, तेव्हा दवाखान्यात चौघांनी तिला दाबून धरलं होतं. एक जण तर पायावर बसला होता. मी ओरडत होते आणि सिस्टर मलाच म्हणत होती, "तुम्ही बाहेर थांबा, तुमच्यामुळे ती जास्त करते." चोराच्या उलट्या बोंबा! त्यानंतर दवाखान्याचं फाटक दिसलं की ठकू भर रस्त्यात आडवी पडायची. दाढ किडली, दाखवता आली नाही. लस राहिली. गाड्या भोंगे वाजवतायत, लोक बघतायत, आणि मी डांबरावर बसून तिचे हात धरतेय.

मग दवाखान्यानं साखरबाईला नेमलं. तिचं काम एवढंच, की असल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना दवाखान्यातून धडपणे पार न्यायचं. कुठल्या दारानं आत यायचं, कुठे गर्दी नसते, डॉक्टरला आधी काय सांगून ठेवायचं, सगळं ती बघायची. आणि तालीम घ्यायची. आजार नसताना तालीम! पहिले कितीतरी दिवस नुसतं फाटकापर्यंत जायचं आणि परत. मग फाटकाच्या आत. मग बाकावर. मी रजा घेऊन, साहेबांची बोलणी खाऊन यायचे आणि ही बाई म्हणायची, "छान, आता घरी जाऊ." मला वाटायचं, हिचा पगार बहुतेक फेऱ्यांवर असेल.

शेवटी तिनं ठकूला पुतळा शिकवला. तपासायच्या पलंगावर आडवं व्हायचं. साखरबाई म्हणणार, "पुतळा!" की ठकू ताठ. डोळे छताला, हात अंगालगत. मग कोणी पोटावर हात ठेवो, कानात बघो, दंडावर पट्टा बांधो, हलायचं नाही. आणि साखरबाई म्हणणार, "झालं!" की सुटका. झालं म्हटल्यावर ठकूच्या अंगाला कोणाचंही बोट लागायचं नाही, हा नियम. मग बक्षीस म्हणून डॉक्टरांचं चाकाचं स्टूल तिचं. त्यावर बसून ती स्वतःला गरागरा फिरवून घ्यायची आणि खिदळायची.

तो नियम साखरबाई जिवापाड पाळायची. एकदा झालं म्हटल्यानंतर एका सिस्टरनं घाईत ठकूच्या दंडावरचा कापूस दाबायला हात पुढे केला. साखरबाईनं तिचं मनगट हवेतच पकडलं. "मी झालं म्हटलंय," ती म्हणाली, आणि त्या वेळी आवाजात साखरेचा कणसुद्धा नव्हता. सिस्टर चरफडत निघून गेली. कापूस खाली पडला, थोडं रक्त फ्रॉकला लागलं, तरी साखरबाईनं कोणाला हात लावू दिला नाही.

बरं, उपयोग झाला. नाही कशाला म्हणू? लस दिली, दाढ काढली, कोणी कोणाच्या पायावर बसलं नाही. पण मला काय वाटायचं ते मला ठाऊक. घरी ठकूची नखं कापायची म्हणजे आमची अर्धा तास झटापट. एकदा मीही म्हणून बघितलं, "पुतळा!" ठकूनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नऊ महिने पोटात मी वागवली, आणि पुतळा होणार त्या गोगलगाईसाठी! गोगलगाय अन् पोटात पाय, मी ठकूच्या बाबाला म्हणाले, ही बाई एक दिवस माझी मुलगी पळवणार. तो म्हणाला, "अगं, दाढ निघाली ना?" याच्याशी कोणी हसून बोललं की हा घराच्या किल्ल्या काढून देईल.

त्या दिवशी सकाळी ठकूनं झाकणं मांडली नाहीत. मी डबा भरत होते. कठडा रिकामा दिसला आणि मी डबा तसाच टाकून तिला शोधायला धावले. ती न्हाणीघरात फरशीवर पडली होती, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. आदल्या संध्याकाळी जेवली नव्हती. पहाटे एकदा उलटी झाली होती. अंग कोमट. मी उचलायला गेले तर "नको". पाणी दिलं तर "नको". झाकणांची पिशवी आणून समोर ओतली तर तिनं डोळे मिटून घेतले.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "परत?" मी म्हटलं, "हो, परत. पोरगी आजारी पडायच्या आधी तुमची परवानगी घ्यायची विसरली." नोकरी गेली तर गेली. ठकूचा बाबा माल घेऊन ट्रक चालवत दूर कुठल्या तरी घाटात होता. त्याला म्हटलं, मी हिला घेऊन निघाले. तो म्हणाला, "साखरबाईंना कळवलंस का?" मी दिलेलं नाव हासुद्धा वापरायला लागला होता.

कळवलं. न कळवून सांगते कोणाला?

ती फाटकावर उभी होती. सुट्टीचा दिवस असावा तिचा, कारण अंगावर घरातलं काहीतरी होतं आणि बिल्ला तिरका लावलेला. मागच्या दारानं आम्हाला आत घेतलं. मुलांच्या विभागात त्या दिवशी एक तरुण डॉक्टर होता, चष्मेवाला, झोप न झालेला. ठकू चालत आली, पण वाकून, एक हात भिंतीला लावून.

"हे बघा, ती वाकून चालतेय," मी म्हटलं.

"आई, तुम्ही जरा बसा," तो म्हणाला. याची आई मी कधी झाले कोण जाणे. "आधी बघू तर द्या."

साखरबाईनं ठकूला पलंगावर चढवलं. डॉक्टरला हळू आवाजात सगळं सांगितलं. बोलत नाही, स्पर्श आधी सांगून करा, मी पुतळा म्हणेन, मग तपासा. डॉक्टर मान डोलावत होता. मग ती म्हणाली, "पुतळा!" आणि माझी ठकू सरळ झाली. पोटाशी घेतलेले गुडघे तिनं हळूहळू लांब केले, हात अंगालगत नेले, डोळे छताला लावले.

डॉक्टरनं पोटावर हात ठेवला. वर दाबलं, खाली दाबलं. डावीकडे, उजवीकडे. उजवीकडे जरा जास्तच वेळ. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर काही नाही. पापणीसुद्धा लवली नाही.

"झालं!" साखरबाई म्हणाली. "शाब्बास गं माझी ठकू."

"पोट मऊ आहे," डॉक्टर हात धूत म्हणाला. "कुठेही दुखत नाहीये. मला अपेंडिक्सची शंका होती, पण तसं असतं तर उजवीकडे दाबल्यावर हात लावू दिला नसता. काहीतरी बाधलं असेल. या मुलांना पोटाच्या कुरबुरी असतातच, खाण्याच्या सवयी ठरलेल्या असतात ना. औषध देतो, घरी न्या."

"सोनोग्राफी करा," मी म्हटलं.

"आज फक्त तातडीच्या होतात. उद्याची वेळ देतो."

"हे तातडीचंच आहे!"

"आई, तातडीचं आहे म्हणायला मला काहीतरी आधार लागेल. तपासणीत काहीच सापडलं नाही. तुम्ही आधी शांत व्हा बघू."

शांत व्हा! जगात आईला शांत करणं हे एकच औषध यांना येतं. मी त्याला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. बाहेरचा वॉचमन दारात येऊन उभा राहिला, त्यावरून काय ते समजा. मी वॉचमनला म्हटलं, "मामा, आत येऊ नका, आज माझ्या तोंडाला लागू नका." तो बिचारा दारातच थांबला. साखरबाई मध्ये पडली, "ताई, ताई, आपण जरा बाहेर बसू या का?" आणि तेवढ्यात माझं लक्ष स्टुलाकडे गेलं.

स्टूल रिकामं होतं. पलंगाला लागूनच होतं, ठकूच्या हाताच्या अंतरावर. झालं म्हणून कितीतरी वेळ होऊन गेला होता आणि ठकू त्याच्याकडे बघतही नव्हती. तिनं परत गुडघे पोटाशी घेतले होते आणि तोंड भिंतीकडे केलं होतं.

"ती स्टुलावर का बसत नाही?" मी साखरबाईला विचारलं.

"थकली असेल, ताई."

"लस टोचली तेव्हा बसली. दाढ काढून तोंडातून रक्त येत होतं, तरी बसून फिरली. आज का नाही?"

साखरबाईनं स्टुलाकडे पाहिलं, मग ती ठकूकडे बघत राहिली.

"अहो, पुतळा केलाय तुम्ही तिचा!" मी ओरडले. "पुतळ्याला कधी दुखतं का? तुम्हीच शिकवलंत ना, कोणी काही केलं तरी हलायचं नाही? नाही हलली. दाबलं, दुखलं, आणि गिळलं तिनं. तुमच्यासाठी गिळलं! आणि हे डॉक्टर म्हणतात, पोट मऊ आहे!"

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, परत घातला. साखरबाईचा चेहरा मी इतकी वर्षं बघत आले होते, पण तो पांढरा पडलेला त्याच दिवशी पाहिला.

"परत तपासा," मी डॉक्टरला म्हटलं. "पुतळा न करता. न सांगता."

"तसं नाही करता येणार," तो म्हणाला. आता आवाज बराच खाली आला होता. "मी अनोळखी माणूस. न सांगता हात घातला तर ती घाबरून ओरडेल. भीतीनं ओरडली की दुखून ओरडली, हे मला कसं कळणार? पोट तर भीतीनंही कडक होतं. ज्याचा हात तिला चालतो, अशा माणसानं आधी डावीकडे दाबून बघायला हवं, मग उजवीकडे. डावीकडे शांत राहिली आणि उजवीकडे नाही, तर मग प्रश्नच मिटला. मी आत्ता मोठ्या डॉक्टरांना बोलावतो."

ज्याचा हात तिला चालतो. मी बाही सारली आणि पुढे झाले. माझं मनगट साखरबाईनं पकडलं.

"तुम्ही नाही," ती म्हणाली.

"सोडा माझा हात."

"ताई, तुम्ही नाही. ऐका माझं."

"मी आई आहे तिची!"

"म्हणूनच." ती अगदी हळू बोलत होती, पण पकड सुटत नव्हती. "तिला उद्याही तुमच्याच हातून जेवायचंय. तुमच्याच हातून आंघोळ करायचीय. पुतळा सोडवायला झालं म्हणावंच लागेल, आणि झालं म्हटल्यावर हात पडला की तो हात ती कधीच विसरणार नाही. मी ही मुलं ओळखते. मला ती उद्यापासून जवळ येऊ देणार नाही, तर नाही देणार, तिचं काही अडत नाही. तुमचं तसं नाही."

"आणि दवाखाना? परत फाटकाबाहेर आडवी पडेल ती. तुमची सगळी मेहनत..."

"जाऊ दे," साखरबाई म्हणाली.

मी तिच्याशी भांडायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं आणि मी बाजूला झाले.

ती पलंगावर ठकूच्या शेजारी बसली. ठकूनं मान वळवून बघितलं, साखरबाईच आहे म्हटल्यावर परत भिंतीकडे तोंड केलं. साखरबाईनं तिला उताणी व्हायला सांगितलं. ठकूला वाटलं परत पुतळा. ती निमूटपणे सरळ झाली, गुडघे लांब केले, डोळे छताला. साखरबाईनं तिला अजून हातही लावला नव्हता.

"झालं," साखरबाई म्हणाली. "ठकू, झालं."

ठकूचं अंग सैल पडलं. खांदे खाली आले, मुठी सुटल्या, तिनं मोठा श्वास सोडला. आणि मग साखरबाईनं तिच्या पोटावर हात ठेवला. डावीकडे दाबलं. ठकूनं भुवया वर केल्या आणि त्या हाताकडे बघितलं. ओरडली नाही. तिला कळतच नव्हतं, हा हात इथे कसा. मग साखरबाईनं हात उजवीकडे नेला आणि दाबला.

तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. ठकू कमरेत दुमडली आणि किंचाळली, आणि किंचाळताना शब्द होता. "झालं! झालं! झालं!" माझी मोजकं बोलणारी पोर, एका श्वासात, घसा फाटेपर्यंत. तिनं साखरबाईचा हात धरून तोंडाशी ओढला आणि कचकन चावा घेतला. साखरबाईनं हात सोडवला नाही. ठकूनं सोडला तेव्हाच तो सुटला.

डॉक्टर तोवर धावत सुटला होता.

पुढचं सगळं भराभर झालं. मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, पिकल्या केसांच्या, एक शब्द जास्त न बोलणाऱ्या. सोनोग्राफीत सुजलेलं अपेंडिक्स दिसलं. ऑपरेशन लगेच. पण ठकू आता पुतळा व्हायची नाही. पलंगाकडे कोणी वळलं की लाथा. गुंगीचं इंजेक्शन द्यायला तिला धरावंच लागलं, आणि धरणाऱ्यांत मी होते. साखरबाई बाहेर भिंतीकडे तोंड करून उभी होती. आतला आवाज तिला ऐकू येत होताच.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आम्ही दोघीच बसलो. ठकूच्या बाबाला फोन केला, तो घाटात गाडी बाजूला घेऊन रडत होता. त्याला गप्प केलं आणि माझा मोर्चा साखरबाईकडे वळला. कोणावर तरी काढल्याशिवाय मला श्वास घेता येत नव्हता.

"हे तुमच्यामुळे झालं."

"हो," ती म्हणाली.

भांडायला आलेल्या माणसाला हो म्हणू नये. त्याला पुढचं वाक्य सापडत नाही. मी परत सुरू केलं, "आणि बाकीची पोरं? त्यांनाही पुतळेच केलंय ना तुम्ही? त्यांच्यातल्या कोणाला दुखत असेल तर?"

"तेच डोक्यात चाललंय, ताई. उद्यापासून एकेकाचा पुतळा मोडायचा. आधी ओरडायला शिकवायचं, मग बाकीचं." तिच्या हातावर दातांची गोल खूण उठली होती, निळीजांभळी. सिस्टर औषध लावायला आली तर तिनं हात मागे घेतला.

"लावून घ्या," मी खेकसले. "पिकला तर आम्हाला नवीन ताप." तिनं निमूटपणे लावून घेतलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "निघालं. फुटायच्या बेतात होतं. उद्यापर्यंत थांबला असतात तर अवघड होतं," म्हणाल्या आणि निघून गेल्या. मी भिंतीला पाठ लावून खालीच बसले. साखरबाई माझ्या शेजारी फरशीवर बसली आणि आम्ही दोघी रडलो, पण एकमेकींकडे न बघता. मैत्री झाली असं कोणी समजू नये. माझा राग होता तिथेच होता.

ठकू सावरली. तिसऱ्या दिवशी "पाणी" म्हणाली, मग "झाकण" म्हणाली. बाबानं येताना घरून पिशवी आणलीच होती. टाके दुखत होते तरी तिनं पलंगाच्या कडेवर ओळ मांडली. मी फुंकर घालून भरवलेलं खात होती. माझा हात तिला चालत होता. पण तपासायला कोणी आलं की दोन्ही हातांनी पोट झाकून घ्यायची आणि गुरगुरायची. चष्मेवाला दारातूनच बघून जायचा. आता तो मला आई म्हणत नव्हता, उगाच नमस्कार करायचा.

साखरबाई रोज यायची, ठकू झोपलेली असताना, दारापर्यंतच. त्या दुपारी ठकूचा डोळा लागला होता, बाबा खाली औषधं आणायला गेला होता. मीच म्हटलं, "या आत, झोपलीय. एवढ्या लांबून काय बघताय?" ती आत आली. पलंगापासून चार हातांवर थांबली, हात पाठीमागे बांधून. तिचा चेहरा बघून मलाच काहीतरी बोलावंसं वाटलं, पण गोड बोलायची मला सवय कुठे आहे?

आणि ठकूनं डोळे उघडले.

आधी काहीच नाही, नुसतं बघणं. मग तिनं दोन्ही हात पोटावर दाबले आणि तोच आवाज. "झालं! झालं! झालं!" झाकणं खाली विखुरली. सिस्टर धावत आली, "अहो, टाके उसवतील, गप्प करा तिला!" साखरबाई एका क्षणात बाहेर. मी तिच्यामागे दारापर्यंत गेले.

"मी आता समोर येणार नाही, ताई," ती घाईघाईनं म्हणाली. "दुसऱ्या बाई येतील, चांगल्या आहेत. फाटकापासून सुरुवात करतील. माझं नाव तिच्यासमोर काढू नका. जा, जा, आत जा तुम्ही."

आत ठकू थरथरत होती. मी तिला जवळ घेतलं. "गेली, ठकू. ती गेली."

ठकूनं माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे फिरवलं. एखादी गोष्ट परत ऐकायची असली की ती असंच करते.

"ती गेली. परत नाही येणार."

परत हनुवटी.

"परत कधीच नाही येणार ती बाई. मी येऊच देणार नाही."

दार अर्धं उघडं होतं. फटीतून बाहेरच्या बाकाखाली साखरबाईच्या चपला दिसत होत्या, पायांसकट. गेली नव्हती. ठकू ओरडायची थांबेपर्यंत तिचा पाय निघत नसावा. माझा एक एक शब्द तिला ऐकू जात होता. वर्षानुवर्षं मनात घोळवलेलं वाक्य होतं ते, मिटक्या मारत म्हणायचं ठेवलेलं. ठकू हनुवटी सोडत नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज मी खणखणीत ठेवला, कारण आवाज जरा जरी पडला असता तर ठकूचा विश्वास बसला नसता.

"नाही येणार," मी म्हणत राहिले. "कधीच नाही येणार."